मडगार्डवर एक टिचकी

वयाची साठी उलटली, डोक्यावरचे केस गेले, गुडघे बोलायला लागले, तरी गल्लीच्या लेखी तो धाकटाच राहिला. थोरला अजून पाय रोवून उभा होता ना! गॅरेज दोघांचं, घाम दोघांचा, पण लोक म्हणायचे ‘दादाचं गॅरेज’. आपल्याला त्याचं काही वाईट वाटत नाही असं धाकटा सगळ्यांना सांगत असे. इतक्या वेळा सांगत असे की ऐकणाऱ्याला काय ते समजून जाई.

त्या सोमवारी सकाळी दादाने कामाच्या बाकावर जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर तीन ढीग मांडले होते. मागे बाटलीहिरव्या रंगाची जुनी मोटार बॉनेट उघडून उभी होती. गाडी निवृत्त मास्तरीणबाईंची. म्हणजे घेतली होती त्यांच्या वडिलांनी, भर तारुण्यात. वडील येत्या शनिवारी नव्वदीचे होणार होते आणि त्यांना त्याच गाडीतून फिरवून आणायचं असा बाईंनी ध्यास घेतला होता. इंजिन सहा सिलिंडरचं. आतला जळका धूर बाहेर काढणाऱ्या सहा नळ्यांचा जुडगा, ज्याला हेडर म्हणतात, तो नवा करून आणला होता. आता तो इंजिनाच्या अंगाला बारा ठिकाणी आवळायचा. कशाने आवळायचा, एवढंच ठरायचं होतं, आणि त्यावरून भावाभावांत तीन दिवस धुसफूस चालली होती.

“हे जुने स्टड,” दादा बाईंना म्हणाला. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेली सळी. एक टोक इंजिनात शिरतं, दुसऱ्यावर नट बसतो. “साठ वर्षं तापून आणि निवून यांचा जीव गेलाय. भंगार. हे चकचकीत बोल्ट आमच्या धाकट्याने पसंत केलेत, स्टेनलेसचे. आणि हे नवे पोलादी स्टड, वर पितळी नट. ही माझी निवड.”

“दादा, स्टेनलेसला गंज नाही,” धाकटा म्हणाला. “बॉनेट उघडलं की कसं झळकेल बघ.”

“आणि बॉनेट उघडून बसणारे कोण? बाईंचे वडील?”

बाई हसल्या. दादाला चेव चढला. “स्टेनलेस तापलं की जास्त फुगतं. आट्यात अडकून बसलं की ना पुढे ना मागे. पितळ पोलादाला धरून ठेवत नाही. वीस वर्षांनी कुणीतरी हे उघडेल, तेव्हा आपण नसू. त्याने आपल्या नावाने शिव्या घालू नयेत, एवढंच माझं म्हणणं. याला काय, पहिल्यापासून चकाकीचं वेड. लग्न ठरवायला गेलो तेव्हा याने मुलीच्या आधी तिच्या भावाची मोटारसायकल पसंत केली होती!”

बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. धाकटाही हसला. पण ते त्याला लागलं. गिऱ्हाइकासमोर पाणउतारा व्हायची ही काही पहिली वेळ नव्हती, पण माणसाचा एखादा दिवसच वाईट असतो. पितळी नट ठरले. चकचकीत बोल्ट त्याने पुडीत बांधले आणि पुडी खिशात ठेवली.

आता दादाच्या कानाबद्दल सांगायला हवं. अख्ख्या शहरात त्या कानाचा दबदबा होता. गाडी तयार झाली की दादा मडगार्डवर तळहात टेकवून, डोळे मिटून उभा राहायचा. इंजिन चालू. दोन मिनिटं कुणी हूं की चूं करायचं नाही. मग डोळे उघडून तो सांगायचा, “चौथ्या सिलिंडरचा वॉल्व्ह सैल आहे,” किंवा नुसतं, “ठीक आहे, न्या.” गिऱ्हाईक त्या तीन शब्दांसाठी दहा गॅरेजं सोडून यायचं.

तीन वर्षांपूर्वी तो कान गेला. दोन्ही कान. समोरच्याच्या ओठांवरून दादा बोलणं ओळखायचा, उरलेलं अंदाजाने ढकलून न्यायचा, आणि ही गोष्ट फक्त तिघांना ठाऊक होती: तो स्वतः, वहिनी आणि धाकटा. गिऱ्हाइकासमोरचा तो सोहळा मात्र चालूच राहिला, कारण धाकट्याने एक युक्ती काढली होती. दादा डोळे मिटून उभा राहिला की धाकटा सहज टेकल्यासारखा शेजारी उभा राही आणि मडगार्डवर बोटाने टिचकी मारी. एक टिचकी म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे गडबड आहे, सोडू नकोस. पत्र्यातून ती दादाच्या तळव्याला कळायची. तीन वर्षांत एकदाही चूक झाली नाही. दादाचा कान म्हणजे धाकट्याचं बोट होतं, आणि याचा धाकट्याला केवढा अभिमान! खरं सांगायचं तर, दादाच्या टोमण्यांवर त्याचा एकच उतारा होता, ही टिचकी.

मंगळवारी वहिनी दादाला घेऊन दोन-तीन दिवसांसाठी गेल्या. गिऱ्हाइकांना सांगायला ‘नातेवाइकांकडे’, खरं तर शहरातल्याच कानाच्या दवाखान्यात, रोजच्या तपासण्यांसाठी. “स्टड घालताना घाई करू नकोस,” दादाने जाता जाता बजावलं. “आधी प्रत्येक भोक साफ कर, मगच.”

“मी काय कालचा आहे?” धाकटा म्हणाला. दादाची पाठ होती, त्याला ते ऐकू गेलं नाही.

अकरा स्टड लोण्यात सुरी जावी तसे गेले. बारावं भोक सगळ्यात मागे, ड्रायव्हरच्या पायांपुढच्या पत्र्याच्या पडद्याला चिकटून. तिथे हात शिरायचा तर मनगट पिरगाळावं लागे. जुन्या स्टडचा जळका मळ आट्यांत घट्ट बसला होता. तो काढायचा तर आटे साफ करायचं हत्यार पाव-पाव वळसा फिरवत आत न्यायचं, बाहेर काढायचं, पुसायचं, पुन्हा न्यायचं. अर्धा दिवस सहज गेला असता. नवा स्टड अर्धा जाऊन थांबला. धाकट्याने तो काढला, शिवी हासडली आणि घाम पुसायला खिशात हात घातला. हाताला पुडी लागली.

कोण बघतंय मागे? आणि बारांत एक तरी माझा!

हा विचार त्याच्या मनात आला तेव्हा त्याला चक्क बरं वाटलं. हेडर त्याने अकरा स्टडांवर बसवून नट आवळले आणि बाराव्या भोकात चकचकीत बोल्ट घातला. बोल्ट निम्म्यावर गेला आणि रुसला. तेल घातलं, हलेना. उलटा फिरवला, हलेना. दादाने सांगितलं होतं अगदी तसंच, ना पुढे ना मागे. आता शहाण्या माणसाने हात काढून घेतला असता. धाकट्याने पान्याच्या दांड्याला नळी जोडली आणि अंगाचा सगळा भार टाकला.

टक्.

एवढाच आवाज झाला. अर्धा बोल्ट डोक्यासकट तुटून खालच्या तेलाच्या ताटात पडला, उरलेला आत राहिला.

तुटका तुकडा तिथल्या तिथे काढायला जागा नव्हती. इंजिनाचं डोकं, म्हणजे अख्खा वरचा भाग, उतरवायला हवं होतं, म्हणजे आठवड्याचं काम. शनिवारी म्हाताऱ्याचा वाढदिवस. आणि दादाला सांगायचं काय? की तू नको म्हणालास तेच केलं, आणि तू म्हणालास तेच झालं? बाईंसमोर? पुढची वीस वर्षं मोटारसायकलच्या जोडीला हाही किस्सा ऐकायचा?

त्याने जुन्या स्टडचा बोटभर तुकडा कापला, त्यावर पितळी नट चढवला आणि लोखंडी पुट्टी लावून तो हेडरच्या भोकात चिकटवून टाकला. सकाळपर्यंत पुट्टी दगडासारखी झाली. बाजूने पुसून घेतल्यावर बारा नट एका रांगेत, एकसारखे दिसत होते. अकरा खरे, बारावा देखाव्याचा. चिकटवलेला नट काय आवळणार, कपाळ! पण दिसायला छान दिसत होता.

शुक्रवारी दुपारी दादा परत आला तो भलत्याच खुशीत. थंडी नव्हती, तरी डोक्यावर कानाखालपर्यंत ओढलेली लोकरीची टोपी. धाकट्याने टोपीकडे बोट दाखवून खूण केली तर म्हणाला, “डोकं धरलंय जरा,” आणि स्वतःशीच हसला. बाई आल्या. धाकट्याने किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. आणि मागून, बाराव्या नटापाशी, बारीक, स्पष्ट, घड्याळासारखं: टिक-टिक-टिक-टिक. फटीतून धूर निसटत होता. बाईंना त्यातलं काही कळणं शक्य नव्हतं. धाकट्याला मात्र लगेच कळलं.

दादाने मडगार्डवर तळहात टेकवला, डोळे मिटले. लगेच त्याच्या कपाळावर आठी पडली. धाकटा शेजारी येऊन टेकला. त्याचं बोट उचललं गेलं आणि तसंच राहिलं. दोन टिचक्या मारायला कितीसा वेळ लागतो? त्याने एक मारली.

दादाने डोळे उघडले. आधी इंजिनाकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. टोपीवरून कानाशी हात नेला आणि खाली घेतला. मग, तीन वर्षांत कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. पुन्हा डोळे मिटले आणि स्वतःच्या बोटाने मडगार्डवर हलकेच टकटक केली. पुन्हा सांग, म्हणून.

धाकट्याने पुन्हा एकच टिचकी मारली.

“ठीक आहे,” दादा म्हणाला. खुशी कुठल्या कुठे गेली होती. “न्या बाई. चार दिवस चालवा आणि मग सकाळी गार इंजिन घेऊन या. तापून-निवून नट सैल पडतात, मी स्वतः पुन्हा आवळतो.”

फाटकापर्यंत धाकटा गाडीमागे धावला. “बाई, काचा खाली ठेवा बरं का. नव्या रंगाचा वास असतो.” बाईंनी मान डोलावली आणि तो परत फिरला. आपण एवढं तरी केलं, असं त्याला वाटलं, आणि त्याचीच त्याला लाज वाटली.

शनिवार गेला, रविवार गेला. मंगळवारी गाडी येणार, दादा पाना लावणार आणि बारावा नट फळासारखा हातात येणार. बरं, दादाला संशय आला असं म्हणावं तर तो काही बोलतही नव्हता. नुसता लेथपाशी स्टुलावर बसून असायचा. सोमवारी सकाळी एकाची गाडी ऐकायला धाकट्याने बोलावलं, तर हात झटकून म्हणाला, “मला काय विचारतोस? तूच बघ.” एरवी जरा काही झालं की दहा टोमणे मारणारा माणूस! हा सगळं ओळखून बसलाय आणि गप्प राहून मला सोलतोय, असं धाकट्याला वाटलं. त्यापेक्षा दोन मुस्कटात मारल्या असत्या तर चाललं असतं.

अकराच्या सुमाराला त्याने न राहवून बाईंना फोन लावला.

“अहो, वडील काय खूश झाले म्हणून सांगू!” बाई म्हणाल्या. “रोज सकाळी तयार होऊन बसतात. फक्त त्यांचं डोकं जड होतं परतल्यावर. माझंही. काचा लावून घेतो ना, त्यांना वारा सोसत नाही.”

धाकट्याचं धाबं दणाणलं. नव्वदीचा म्हातारा, बंद काचा, आणि पायापाशी तो धूर. “बाई, गाडीला आता हात लावू नका,” तो म्हणाला. “मीच येतो न्यायला.”

तो निघणार तेवढ्यात वहिनी जेवणाचा डबा घेऊन आल्या. दादा आत हात धुवत होता. वहिनींनी डबा बाकावर जवळजवळ आपटलाच.

“भावजी, तुम्हीच समजवा आता ह्यांना. मी थकले. दोन महिने मागे लागले तेव्हा कुठे कानातलं यंत्र घ्यायला तयार झाले. शुक्रवारी पहिलाच दिवस. तुम्हाला चकित करायचं म्हणून टोपीखाली लपवून आले होते इथे. वाटेत पाखरांचा आवाज आला तर रस्त्यात उभे राहून रडले हो! आणि शनिवारी गॅरेज उघडायच्या आधी जाऊन यंत्र परत देऊन आले.”

“परत? का?”

“म्हणे खोटं आहे. चांगल्या चालणाऱ्या इंजिनात टिकटिक ऐकवतं. आता मला कुठलं यंत्रबिंत्र नको म्हणतात, आपले कान संपले.”

म्हणजे दादाने ऐकलं होतं. तीन वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या कानाने इंजिन ऐकलं, अगदी बरोबर ऐकलं, आणि धाकट्याच्या बोटाने त्याला सांगितलं की तुझं चुकतंय. एकदा नव्हे, दोनदा.

“वहिनी, जेवू नका, थांबा. दादालाही थांबवा,” एवढं म्हणून तो धावत सुटला.

अर्ध्या तासाने त्याने बाईंची गाडी चारही काचा खाली करून आणली, गॅरेजच्या तोंडाशी उभी केली आणि इंजिन बंद केलं नाही. बाई सोबत आल्या होत्या, एवढं काय झालं म्हणून. दादा हात पुसत बाहेर आला.

धाकट्याने त्याचं मनगट धरून तळहात मडगार्डवर ठेवला. दादाने सवयीने डोळे मिटले. धाकट्याने टिचकी मारली. एक. मग दुसरी.

दादाने डोळे उघडले. “काय झालं?”

“तो बारावा नट खोटा आहे,” धाकटा पुटपुटला.

“काय? मोठ्याने बोल.”

बहिऱ्या माणसापाशी पाप कबूल करायचं तर कुजबुजून भागत नाही. धाकट्याने जरा आवाज चढवला. दादाने कानाशी हात धरला. त्याला नीट बघताही येईना, कारण धाकटा मान खाली घालून बोलत होता आणि त्याचे ओठ दिसत नव्हते. शेवटी धाकट्याने मान वर केली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, “नट खोटा आहे, दादा! मी माझा बोल्ट घातला, तो आत मोडला! वर नट चिकटवून ठेवला! ती टिकटिक खरी होती! मी मुद्दाम एक टिचकी मारली!”

समोरच्या दुकानातल्या शिंप्याचं मशीन थांबलं. बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

धाकट्याने डोळे मिटून घेतले, काय यायचं ते येऊ दे म्हणून.

“खरी होती?” दादा म्हणाला. “मागच्या बाजूला? सहाव्या सिलिंडरपाशी?”

धाकट्याने होकारार्थी मान हलवली.

“म्हणजे मला ऐकू आलं!” दादा वहिनींकडे वळला. त्याचा चेहरा लहान पोरासारखा उजळला होता. “अगं, मला ऐकू आलं होतं! सहाव्यापाशीच म्हणत होतो मी! माझा कान बरोबर होता!”

धाकट्याने शिव्यांची तयारी केली होती, माराची केली होती. या आनंदाची तयारी त्याच्यापाशी नव्हती. तो तिथेच गाडीच्या पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला.

मग दादाने पुढे होऊन किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. त्याने वाकून मागे हात घातला, बारावा नट फडक्याने धरून हिसडा दिला, आणि नट, स्टडचा तुकडा, पुट्टीची खपली, सगळं त्याच्या हातात आलं. ते बघताना त्याचा चेहरा उतरत गेला.

“बाई,” तो म्हणाला, “हा धूर आत येत होता. वडिलांना काही झालं असतं. डॉक्टरांना दाखवून घ्या आजच. गाडी राहू द्या, इंजिनाचं डोकं उतरवावं लागेल, आठवडा जाईल. चूक आमची आहे.”

आमची म्हणाला. धाकट्याने मान वर केली नाही.

बाई निघून गेल्या. दादाने तो तुकडा धाकट्याच्या हातात ठेवला. “ऊठ. दवाखाना बंद व्हायच्या आत जा आणि माझं यंत्र घेऊन ये. तूच जा. सांग त्यांना, यंत्र चांगलं होतं.” एवढंच बोलून तो आत गेला आणि इंजिनाचं डोकं उतरवायचे पाने बाकावर मांडायला लागला.

कानाच्या दवाखान्यात काउंटरवर एक तरुण मुलगी होती. दादाचं नाव सांगितल्यावर तिने खणातून छोटी डबी काढली.

“तुम्हीच का ते भाऊ?” तिने विचारलं. “बरं झालं आलात. आम्ही यंत्र तीनदा तपासून दाखवलं त्यांना, काही बिघाड नाही. मी म्हटलं, आजोबा, यंत्रात आलाय म्हणजे आवाज खरोखरच असेल. तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, माझा भाऊ शेजारी उभा होता. माझे कान खोटं बोलतील, तुमचं यंत्र खोटं बोलेल, तो बोलणार नाही.”

तिने वही पुढे सरकवली. “इथे सही करा.”

धाकट्याने पेन घेतलं, पण त्याला सहीची जागा दिसेना.